परळच्या कौलांखालचे गिनी पिग



गेल्या मे महिन्यात आमच्या आंजर्ल्यात एका घरी मुंबईहून पाहुणे आले. आंब्याफणसाच्या दिवसांत चाकरमानी येतात, त्यात नवल काही नाही. पण या वेळी मामाने भाचीसाठी एक पिंजरा आणला होता. आत तपकिरी-पांढरा, बिनशेपटीचा, मुठीपेक्षा थोडा मोठा प्राणी. दुकानदाराने सांगितलं होतं, गिनी पिग आहे, काही त्रास नाही, काहीही खातो. पिंजरा पडवीत ठेवला. पडवीला पत्रा. पोरीने त्याला भात घातला, चपाती घातली, दुधात बुडवून बिस्किट घातलं. चौथ्या दिवशी दुपारी तो आडवा पडला आणि संध्याकाळपर्यंत गेला. पोर दोन दिवस जेवली नाही.

बचत गटाच्या बैठकीत विषय निघाला. कुणी म्हणालं, नजर लागली असेल. कुणी म्हणालं, अगं, शेवटी उंदराचीच जात ती, मेला तर मेला, एवढं काय? हे दुसरं वाक्य आमच्या मनातून जाईना. मग आम्ही शोधायला बसलो. हा प्राणी कुठला, इथे कसा आला, त्याला काय लागतं. जे हाती आलं ते ऐकून आमचं आम्हालाच नवल वाटलं. कारण आपल्या आजे-पणजेसासवांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी भीती आणि हा बिनशेपटीचा प्राणी, यांची मुंबईत परळला गाठ पडली होती. आजची गोष्ट त्याचीच. आणि गोष्टीच्या ओघात, घरी गिनी पिग आणायचा असेल तर काय ठाऊक हवं, तेही येईल.

आधी नावाचं बघू. गिनी हा आफ्रिकेतला देश, पिग म्हणजे डुक्कर. हा प्राणी गिनीचाही नाही आणि डुक्करही नाही. आपण नाही का, बाहेरून आलेल्या कशालाही 'विलायती' म्हणून टाकतो? विलायती चिंच विलायतेची नाही, ती मूळची अमेरिका खंडातली. तसंच हे. गिनी पिगचं खरं माहेर दक्षिण अमेरिकेतला अँडीज डोंगर. पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोर या देशांचा उंच, थंड मुलूख. तिथल्या लोकांनी सुमारे सात हजार वर्षांपूर्वी त्याला माणसाळवलं, आणि तेही खायला. तिथे त्याला 'कुई' म्हणतात. तो ओरडतो तसंच नाव.

आपल्या परसात जशा गावठी कोंबड्या, तसे तिथल्या बायकांच्या स्वयंपाकघरात कुई. चुलीच्या उबेला, जमिनीवर मोकळे. भाजीची देठं, मक्याची पानं, बांधावरचं गवत यावर वाढायचे. सणाला, लग्नाला, पाहुणा आला की कापायचे. आजारी माणसाच्या अंगावरून कुई फिरवून रोग ओळखणारे वैदूही तिथे होते. कुस्को गावाच्या मोठ्या चर्चमध्ये येशूच्या शेवटच्या जेवणाचं अठराव्या शतकातलं चित्र आहे, त्यात ताटात भाजलेला कुई ठेवलाय असं तिथले लोक कौतुकाने दाखवतात. आजही तिथल्या खेड्यांत कुई पाळणं हे बहुतेक बायकांचं काम आणि त्याचे पैसे बायकांच्या हातात. आपल्या अंड्यांच्या पैशासारखे. ऐकून बरं वाटलं.

१५३२ साली स्पॅनिश लोक पेरूत शिरले. सोनं-चांदी लुटून नेली, आणि जहाजांतून हे प्राणीही गेले. युरोपात कुणी ते खाल्ले नाहीत, खेळवले. सुमारे १५८० सालचं एक इंग्रजी चित्र आहे, तीन श्रीमंत मुलांचं, त्यातल्या मुलीच्या हातात गिनी पिग आहे. म्हणजे आमच्या गावातल्या पोरीसारखीच एक पोर साडेचारशे वर्षांपूर्वी त्याला छातीशी धरून उभी होती. एवढंच की तिच्या घराला पत्रा नव्हता आणि तिच्या गावात आपल्यासारखा वैशाख नव्हता.

पुढे त्याचं नशीब फिरलं. गरीब स्वभाव, चावत नाही, हातात मावतो, लवकर वाढतो. एवढे गुण असले की काय होतं ते आपल्याला सांगायला नको, सगळी कामं त्याच्याच गळ्यात पडली. १७८०च्या सुमारास फ्रान्समध्ये लाव्हॉझिए नावाच्या शास्त्रज्ञाने बर्फाने वेढलेल्या भांड्यात गिनी पिग ठेवून किती बर्फ वितळतं ते मोजलं आणि श्वास म्हणजे मंद जळणंच आहे असं दाखवलं. १८८२ साली जर्मनीत रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधला, तो गिनी पिगला टोचूनच सिद्ध केला. घटसर्पावरचं औषध किती जोराचं आहे ते गिनी पिगवर मोजायचे. ज्या घटसर्पाने एकेका घरातली तीन-तीन मुलं जात होती, तो आज आपल्या मुलांना ठाऊक नाही, त्यात या प्राण्याचा वाटा आहे. "आम्हाला काय गिनी पिग समजलात का?" असं आपण सहज बोलून जातो. ते बोलणं इथून आलं.

आता परळकडे येऊ. पण परळला जाण्याआधी मांडवीला जायला हवं, मुंबईच्या मांडवीला.

१८९६च्या सप्टेंबरात मांडवी भागात गोव्याकडचे डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी तापाने फणफणलेल्या, जांघेत गाठ आलेल्या रोग्याला तपासलं आणि सांगितलं, हा प्लेग आहे. आपल्याकडे त्याला गाठीचा ताप म्हणत. काही महिन्यांत मुंबई निम्मी रिकामी झाली. पळणाऱ्यांत कोकणी माणूस किती असेल याचा विचार करा. गिरण्यांत, गोदीत, घरकामाला आपलीच माणसं. तेव्हा ना रस्ता ना रेल्वे, आगबोट हीच वाट. आमच्या शेजारचं हर्णै हे आगबोटीचं बंदर. मुंबईहून येणारा माणूस बंदरात उतरला की घरच्यांना आनंद व्हायचा की धास्ती, सांगता येत नाही. जुन्या बायकांच्या तोंडी एक शब्द होता, 'उंदीर पडला'. घरात उंदीर मरून पडला की घर सोडायचं, गाव सोडायचं, माळावर झोपडी घालायची. उंदराचा आणि रोगाचा काहीतरी संबंध आहे हे आपल्या बायामाणसांना दिसत होतं. तो कसा, ते कुणालाच माहीत नव्हतं.

सरकारलाही नव्हतं. रोग घाणीतून येतो, कपड्यांतून येतो, माणसाकडून माणसाला येतो, अशी समजूत. मग फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा केला. (हो, तोच. २०२० साली करोनात आपल्याला लागू झाला तोच कायदा.) घरात शिपाई, गोरे सोजीर. सामान बाहेर काढून जाळायचं, भिंतींवर औषध मारायचं, रोग्याला ओढून इस्पितळात न्यायचं. स्टेशनांवर, बंदरांवर तपासणी. प्लेगची गाठ येते काखेत नाहीतर जांघेत. परक्या पुरुषांनी बायकांची ती तपासणी करायची म्हणजे काय, हे शब्दांत सांगण्याची गरज नाही. पुण्यात यावरून एवढा संताप झाला की जून १८९७ मध्ये प्लेगचा अधिकारी रँड याचा चापेकर बंधूंनी खून केला. त्याच साली १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. मुंढव्याच्या वस्तीतल्या आजारी पोराला पाठीवर घेऊन त्या मुलाच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात आल्या आणि त्यांनाच लागण झाली.

आम्ही हे मुद्दाम थांबून सांगतोय. कारण पुढचा प्रयोग ऐकताना हे डोळ्यांपुढे हवं. एवढा छळ झाला, एवढी घरं उघडी पडली आणि रोगाचं खरं वाहन कुणी पाहिलंच नव्हतं.

खरं तर एकाने पाहिलं होतं. १८९८च्या जूनमध्ये कराचीत सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने दाखवलं की मेलेल्या उंदराच्या अंगावरची पिसू दुसऱ्या उंदराला प्लेग देते. लोकांनी त्याला वेड्यात काढलं. एवढीशी पिसू, ती काय शहर मारणार?

मुंबईत तोवर हाफकिन साहेबांनी प्लेगची लस तयार केली होती. जानेवारी १८९७ मध्ये त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळला, गव्हर्नरच्या जुन्या बंगल्यात आली. आज तिलाच आपण हाफकिन संस्था म्हणतो. पोलिओचे थेंब म्हटलं की तिचं नाव आपल्याला आठवतं. या प्रयोगशाळेत ग्लेन लिस्टन नावाचे डॉक्टर होते. त्यांच्या डोक्यात सिमाँची पिसू बसली होती.

लिस्टनना पहिला धागा मिळाला तो राणीच्या बागेत. भायखळ्याच्या त्या बागेत पाळलेले गिनी पिग प्लेगने मरू लागले. लिस्टननी त्यांचं अंग विंचरून पाहिलं तर पिसवा निघाल्या, आणि त्या होत्या उंदरांच्या. उंदीर मेले, पिसवा उपाशी पडल्या आणि शेजारच्या प्राण्यावर चढल्या. मग असंच एका चाळीत घडलं. उंदीर मेले, मग माणसं आजारी पडू लागली. लिस्टननी माणसांच्या अंगावरच्या तीस पिसवा धरल्या, त्यात चौदा उंदरांच्या. एरवी माणसाच्या अंगावर उंदराची पिसू सापडणं म्हणजे दुर्मीळ. त्यांनी हे सगळं मुंबईच्या निसर्ग इतिहास मंडळात वाचून दाखवलं आणि ते १९०५ साली छापून आलं.

त्याच साली सरकारने चौकशी मंडळ नेमलं, आणि परळच्या आवारात एक प्रयोग उभा राहिला. आम्ही बायका त्या प्रयोगावर खूष आहोत, कारण तो कुठल्या काचेच्या नळ्यांचा नव्हता, घराच्या छपराचा होता.

लहान लहान खोल्या बांधल्या. सगळ्या सारख्या, फरक फक्त छपरात. काहींवर नळ्यांची देशी कौलं. आपल्या जुन्या घरांवर असायची तीच, खाली-वर रचलेली, मध्ये उंदराला राहायला प्रशस्त जागा. काहींवर मंगलोरी चपटी कौलं, त्यात उंदीर राहतो पण तेवढा ऐसपैस नाही. आणि काहींवर पत्रा, तिथे उंदराला थाराच नाही. प्रत्येक छपराखाली तारेची जाळी, म्हणजे उंदीर खाली उतरणार नाही, पण त्याची घाण पडेल आणि पिसू पडेल. खाली जमिनीवर गिनी पिग सोडले. त्यात काही प्लेग झालेले, काही धडधाकट.

नळ्यांच्या खोलीत रोग भराभर पसरला. मंगलोरी कौलांखाली कमी. पत्र्याखाली आजारी आणि चांगले गिनी पिग एकत्र राहिले, एकाच ताटात जेवले, एकमेकांच्या घाणीत लोळले, आणि चांगल्यांना काही झालं नाही. मग त्या खोलीत पिसवा सोडल्या. लगेच रोग सुरू झाला.

म्हणजे दोष घाणीचा नव्हता, कपड्याचा नव्हता, शेजाऱ्याचाही नव्हता.

यातलीच एक नोंद आम्ही बैठकीत दोनदा वाचली. प्लेग झालेल्या गिनी पिग आया आपल्या पिल्लांना दूध पाजत होत्या. जिथे पिसवा नव्हत्या तिथे दूध पिणाऱ्या पिल्लांना प्लेग झाला नाही. आता विचार करा, त्या काळात किती आयांच्या कुशीतून पोरं काढून घेतली असतील, किती जणींना वाटलं असेल की आपल्यामुळेच आपलं बाळ गेलं.

दुसरा प्रयोग उंचीचा. प्लेगच्या खोलीत गिनी पिगचे पिंजरे टांगले. जमिनीपासून २ फुटांवरच्या पिंजऱ्यात रोग पोचला नाही, २ इंचांवरच्या पिंजऱ्यात पोचला. उंदराची पिसू उडी मारून मारून चारेक इंच चढते, त्यापलीकडे नाही. मग एका पिंजऱ्याभोवती माशा पकडायच्या चिकट कागदाची वीतभर रुंद पट्टी मांडली, दुसऱ्याभोवती नाही. पट्टीवाले वाचले. पट्टीवर काय चिकटलं होतं ते तुम्हीच ओळखा.

मग तर गिनी पिगचा उपयोग सापळ्यासारखाच होऊ लागला. प्लेगची शंका असलेल्या घरात गिनी पिग सोडायचे, काही तासांनी उचलायचे आणि त्यांच्या अंगावर किती पिसवा चढल्या ते मोजायचं. माणसाच्या अंगावर जे झालं असतं ते त्याच्या अंगावर व्हायचं. किती मेले असतील त्याची मोजदाद आपण न केलेली बरी. आम्हाला वाईट वाटतं. पण प्लेगने या देशात एक कोटीहून जास्त माणसं नेली, हेही खरं आहे, आणि त्या दोन्हीतलं एकच खरं धरून बोलणं आम्हाला जमत नाही.

या शोधानंतर सरकारचं लक्ष माणसांवरून उंदरांवर गेलं. धान्य झाकून ठेवा, कचरा घराजवळ टाकू नका, उंदीर मारा. विदर्भात नोकरीला असलेले बुकानन नावाचे एक डॉक्टर तर घरोघरी मांजर पाळा म्हणून मागे लागले होते. त्यांनी आमच्या गावात यायला हवं होतं. आमच्या मांजरी उंदराला बघून कूस बदलतात, हर्णैच्या बाजारातून बांगडा आला की मात्र उठतात. प्लेग पुढे ओसरला, तरी पुरता गेला नाही. १९९४ साली बीड जिल्ह्यात आणि सुरतेत पुन्हा त्याचं नाव निघालं तेव्हाची पळापळ आपल्यातल्या बऱ्याच जणींना आठवत असेल.

तर असा हा प्राणी. उंदरांच्या मोठ्या कुळातलाच, ते खरं. पण उंदराने आणलेल्या रोगाचा छडा त्याच्या जिवावर लागला.

आता आपल्या गावात तो पाळायचा तर काय? आम्ही जे शिकलो ते सांगतो, आणि सगळं त्याच्या इतिहासातूनच येतं.

तो थंड डोंगरातला आहे, अंगावर दाट केस आहेत, त्याला घाम येत नाही. तीस अंशांच्या वर ऊन गेलं की त्याचा जीव कासावीस होतो, आणि आपल्याकडे मार्चपासूनच त्यावर दमट हवा. परळच्या प्रयोगात पत्रा चांगला ठरला, पण तो उंदरांच्या हिशोबाने. मे महिन्यातल्या दुपारी पत्र्याची पडवी म्हणजे त्याच्यासाठी भट्टी. आमच्या गावातला गेला तो बहुतेक त्यानेच. जागा हवी ती माजघरासारखी, जाड भिंतीची, वारा खेळता. फार उकडलं तर ओल्या फडक्यात गुंडाळलेली थंड पाण्याची बाटली पिंजऱ्यात ठेवायची, तो तिला टेकून बसतो. पावसाळ्यात उलटा त्रास. ओल लागली की त्याला सर्दी होते, ती छातीत उतरते, अंगावर बुरशीचे चट्टे उठतात आणि ते पोरांनाही लागतात, नायट्यासारखे. खाली घातलेला पेंढा रोज बघायचा. बुरशीचा वास आला की फेकायचा, वाया जाईल म्हणून ठेवायचा नाही.

खाणं गवत. मुख्य खाणं गवतच, दिवसभर, हवं तेवढं. हे त्याच्या दातांसाठी. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात, गवत चावूनच झिजतात. भात, चपाती, बिस्किट, दूध यांनी दात झिजत नाहीत आणि पोट बिघडतं. कांदा, लसूण, बटाटा, अळू नको. आपल्याकडे दिवाळीनंतर डोंगरावर कापलेलं सुकं गवत असतं ते त्याला उत्तम. या बाबतीत आपण मुंबईवाल्यांपेक्षा श्रीमंत आहोत, ते पिशवीतलं गवत विकत घेतात. आपणही औषध मारलेल्या बांधावरचं मात्र आणायचं नाही.

आणि एक गोष्ट, जी दुकानदार सांगत नाही. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिख या दोघांनी गिनी पिगना नुसतं धान्य खायला घातलं. त्यांच्या हिरड्यांतून रक्त आलं, सांधे दुखायला लागले, ते मेले. ताजी भाजी दिल्यावर बरे झाले. खलाशांना होणारा स्कर्व्ही तो हाच. आपल्या शरीराप्रमाणेच गिनी पिगच्या शरीरातही क जीवनसत्त्व तयार होत नाही, रोज बाहेरून द्यावं लागतं. गाय, शेळी, कुत्रा, मांजर, उंदीर, सगळे ते स्वतः बनवतात. हा बिचारा आपल्यासारखा. रोज दहा-वीस मिलिग्रॅम पुरतं. म्हणजे पेरूची एक लहान फोड, नाहीतर ढोबळी मिरचीचा तुकडा, जोडीला कोथिंबिरीच्या काड्या. पेरूही त्याच्याच मुलखातून पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे आला. पेरूच्या प्राण्याला पेरू, हे लक्षात ठेवायला सोपं.

एकटा आणू नका. तो कळपातला आहे. आपल्या माणसांशी 'कुई कुई' बोलतो, एकटा पडला की कोपऱ्यात बसून राहतो. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून एकटा गिनी पिग ठेवणं कायद्यानेच बंद आहे. दोन आणायचे, पण दोन्ही माद्या आहेत याची जाणत्याकडून खात्री करून. कारण मादी महिन्याभराची असतानाच गाभण राहू शकते. दुकानातून आणलेली बहुतेकदा गाभणच निघते, असं ज्यांनी पाळलेत ते सांगतात. सुमारे सव्वादोन महिने पोटात ठेवून ती डोळे उघडलेली, केसाळ, दुसऱ्या दिवशी गवत कुरतडणारी पिल्लं देते. पिल्लांचं कौतुक फार, पण वर्षात दोनाचे वीस होतात, आणि मग ते कुठे सोडायचे? सोडायचे नाहीतच. आपल्या किनाऱ्यावर कासवांची पिल्लं आपण पाण्यात सोडतो कारण समुद्र त्यांचं घर आहे. गिनी पिगला आंजर्ल्याच्या वाडीत घर नाही. मुंगूस, भटकं मांजर, साप, घार, सगळे टपलेले. एक रात्रही काढणार नाही. आणि पहिली वीण उशिरा, सहा-सात महिन्यांनंतर झाली तर मादीची कमरेची हाडं जुळून घट्ट झालेली असतात, ती अडते आणि बरेचदा मरते. पिल्लं हवीत म्हणून नर आणायचा विचारही पोरांच्या हट्टापायी करू नये.

आजारी पडला तर घरात उरलेली गोळी देऊ नका. माणसाचं पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन हे त्याला विष आहे. त्याच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि तो दोन-चार दिवसांत जातो. गाईला चाललं म्हणून त्याला चालत नाही. आपल्याकडचे जनावरांचे डॉक्टर गुरं-शेळ्या बघणारे. आणण्याआधीच त्यांना विचारून घ्या, तुम्हाला हे बघता येईल का. नाही म्हणाले तर दापोलीत, चिपळूणला कोण बघतं ते माहीत करून मगच आणा. दिवसभर त्याने खाल्लं नाही की वाट बघायची नाही, त्याच दिवशी न्यायचा.

आणि विचारायचं ते हे, की पुढची पाच-सात-आठ वर्षं त्याचं कोण करणार. पोरीला दहावीनंतर दापोलीला ठेवली तर? लावणीच्या दिवसांत सगळं घर शेतावर असताना? उत्तर बहुतेक घरांत एकच निघतं, आणि ती आत्ता रेडिओ ऐकत भाकऱ्या थापत असेल. तिला आधी विचारा.

आमच्या त्या पोरीने पुन्हा हट्ट धरला आहे. तिच्या आईने, आजीने आणि आम्ही मिळून ठरवलं, पावसाळा जाऊ दे, दिवाळीचं गवत येऊ दे. तोवर पोरीने एका वहीत रोज लिहायचं, मी आज शेळीला वेळेवर पाणी घातलं का. पहिल्या आठवड्यात तीन दिवस राहिले, आता बरं चाललंय. पिंजरा सुताराकडे सांगितला आहे. तळ फळीचा, कारण जाळीने पायाला जखमा होतात. बाजूंना बारीक जाळी, उंदराचं तोंड शिरणार नाही अशी. उंदीर आता प्लेग नाही आणत, पण पावसात त्याच्या मुताने लेप्टो होतो हे आपल्याला आशाताईंनी सांगितलंच आहे. सांडलेलं खाणं रात्री उचलायचं, तेही त्यासाठीच.

सुतार म्हणाला, पाय कशाला एवढे उंच, जमिनीवर ठेवा की. आम्ही त्याला परळची गोष्ट सांगितली. पाय अडीच फुटांचे करतो म्हणाला.